नागपूरच्या महाल भागातील घराचा बाहेरचा गिलावा : कामाच्या नोंदी

२३ ऑगस्ट

काल रात्री साडेअकराच्या सुमारास मागच्या अंगणात मोठा आवाज झाला. बॅटरी घेऊन पाहिले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरचा दाराएवढा गिलावा एकसंध सुटून हौदाशेजारी पालथा पडलेला दिसला. आज तान्हा पोळा. महालातले रस्ते मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीने आणि गर्दीने भरलेले आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी थेट माजघरापर्यंत येत होती. आमची पीडा मात्र अंगणातच पडून होती.

सकाळच्या उजेडात तो तुकडा उलटून पाहिला. सुमारे एक इंच जाडीचे सिमेंटचे प्लास्टर, दगडासारखे घट्ट, आणि त्याच्या मागच्या बाजूला विटांचा लाल चुरा पापुद्र्यासारखा चिकटलेला. म्हणजे प्लास्टर कच्चे होते म्हणून पडले नाही. ते विटेपेक्षा कठीण होते आणि जाताना विटेचे तोंड सोबत घेऊन गेले. उघड्या पडलेल्या भिंतीवर बोट फिरवले तर ओल लागली आणि बोटाला पांढरी, खारट पूड आली.

घर आजोबांनी १९३४ साली बांधले. तळमजल्याच्या भिंती दीड फूट रुंद, भाजलेल्या विटांच्या, आणि जोडकाम सगळे चुन्यातले. मूळचा चुन्याचा गिलावा जागोजागी झिजला होता म्हणून १९८८ साली वडिलांनी त्यावर सिमेंटचे प्लास्टर करून घेतले. त्या काळी चुना म्हणजे जुनाट आणि सिमेंट म्हणजे कायमचे, असाच सगळ्यांचा समज होता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पुढे ओल दिसू लागल्यावर मी त्यावर दोनदा 'वॉटरप्रूफ' रंग दिला. तो दोष मात्र माझा.

१ सप्टेंबर

एका परिचितांच्या ओळखीने पवनीकडचे एक वयस्कर मिस्त्री येऊन गेले. त्यांनी खिशातून गवंडीकामाची करणी काढली आणि तिच्या मुठीने भिंत ठोकत ते घराला फिरले. जिथे आवाज भरीव आला तिथे काही नाही, जिथे पोकळ आला तिथे खडूने फुली. पश्चिमेची भिंत संपेपर्यंत खडू संपला. मग म्हणाले, "भाऊ, ह्या भिंतीले काई झालं नाही. तिच्यावर जे घातलं ना, ते काढा लागते. रेनकोट घालून सायकल चालवली तर माणूस पावसानं नाही, घामानं भिजते. तसं झालं हे."

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे सहायक म्हणून काम केले, पण इतके नेमके सांगणे मला जमले नसते. चुन्यात बांधलेल्या भिंतीत पाणी थोडेफार शिरतेच. जमिनीतून चढते, कौलांखालून झिरपते, भेगांतून आत येते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटचे दाट प्लास्टर आणि त्यावरचा रंग ही वाट बंद करतात. पाणी आत साचते, विटेतील क्षार विरघळतात, उन्हाळ्यात प्लास्टरमागे त्यांचे स्फटिक धरतात आणि ते फुगून विटेचा पृष्ठभाग आतून फोडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

मापे घेतली. उत्तरेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, ती सोडून पूर्व आणि पश्चिम बाजू प्रत्येकी २८ फूट रुंद, दक्षिणेची बोळातील बाजू ४० फूट, उंची सरासरी २१ फूट. दारे-खिडक्या वजा जाता सुमारे १,७४० चौरस फूट गिलावा करावा लागेल. सगळा चुन्याचा करायचा, सिमेंटचा चमचाही घालायचा नाही, असे ठरले. नागपुरात हे काम करण्याचे दिवस ठरलेले आहेत. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चुना धरत नाही, आणि मार्चनंतरच्या उन्हात तो पक्का होण्याआधीच वाळून जातो. दिवाळी ते माघ एवढाच काय तो अवधी.

५ ते ७ सप्टेंबर

कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना आला. वणीजवळच्या राजूर भागातील भट्टीतला, ५० किलोची २० पोती. हवेतल्या दमटपणाने तो पोत्यातच विरू नये म्हणून आल्या दिवशीच विझवायला घेतला.

मधून कापलेल्या दोन लोखंडी पिंपांत प्रत्येकी ६० लिटर पाणी घेऊन त्यात २० किलो चुना थोडा थोडा सोडायचा, ही पद्धत. पाण्यात चुना सोडायचा; चुन्यावर पाणी ओतायचे नाही, कारण मग तो उसळून अंगावर येतो. पहिली पाच-सहा मिनिटे काहीच झाले नाही. ढेकळे नुसती सुसू करीत बसली होती. मग एक ढेकूळ उकलले, दुसरे फुटले आणि बघता बघता सगळे पिंप भाताच्या आधणासारखे खदखदू लागले. वाफ अशी की चष्म्यातून काही दिसेना. डोळ्यांना गॉगल, हातांना रबरी मोजे आणि शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली, या तीन गोष्टींशिवाय कुणालाही जवळ येऊ दिले नाही.

निवलेला चुना जाळीतून गाळून परसातील जुन्या हौदात साठवला आणि वर चार बोटे पाणी ठेवले. पाण्याखाली हवा लागत नाही, म्हणून चुना कितीही दिवस राहतो आणि जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. पूर्वी वर्षभर मुरवीत असत म्हणे. आमच्या हाती नऊ आठवडे आहेत. हौदावर फळ्या टाकून त्यांवर पाटे-वरवंटे ठेवले. गल्लीतील मुले क्रिकेटच्या चेंडूमागे कुठेही शिरतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जाळी एका कडेला फाटली. चार पोत्यांचा चुना शिल्लक होता आणि पावसाचे ढग आले होते. फाटक्या बाजूला हात धरून तेवढा चुना तसाच गाळून घेतला. ही नोंद मुद्दाम करून ठेवतो.

२७ सप्टेंबर

मिस्त्रींनी सांगितले होते की, गिलाव्याला हात लावण्याआधी एक मोठा पाऊस घराबाहेर उभे राहून बघा. आज तो योग आला. छत्री घेऊन तासभर घराभोवती फिरलो आणि पंचवीस वर्षे या घरात राहून न दिसलेल्या चार गोष्टी दिसल्या.

पश्चिमेची पत्र्याची पन्हळ दोन ठिकाणी गंजून तिचे सगळे पाणी भिंतीवरच ओघळते. ज्या जागी ऑगस्टमध्ये प्लास्टर पडले, ती बरोबर त्या भोकाखाली आहे. छज्ज्याच्या खालच्या बाजूला खाच नाही, त्यामुळे पाणी कडेवरून टपकण्याऐवजी वळून भिंतीपर्यंत जाते. नहाणीचा पाइप नैर्ऋत्य कोपऱ्यात पायाशीच सोडला आहे. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत लाजिरवाणी : दहा वर्षांपूर्वी चिखल नको म्हणून मी भिंतीला लागून जो सिमेंटचा ओटा करून घेतला, त्याचा उतार घराकडे आहे.

म्हणजे गिलाव्याच्या आधी पन्हळ, खाच, पाइप आणि ओटा. यादी उलट क्रमाने करीत होतो, एवढे बरे की वेळेत कळले.

६ ऑक्टोबर

दसरा झाला, पाऊस थांबला. बांबूंची परांची बांधली. भिंतीत भोके न पाडता दुहेरी बांबूंवर उभी केली. आजपासून सिमेंट काढायला सुरुवात. एका ठेकेदाराने यंत्राने दोन दिवसांत भिंत सोलून देतो म्हणून सांगितले होते. पण त्या हादऱ्याने आतल्या मऊ विटा आणि त्यांच्यामधल्या चुन्याच्या दरजा टिकल्या नसत्या. छिन्नी आणि हातोडीच बरी. मिस्त्री, दोन गवंडी आणि दोन रेजा, म्हणजे मजूर बायका, अशी पाच माणसे आहेत.

जिथे पोकळ होते तिथे छिन्नी नुसती आडवी सरकवली तरी ताव्यावरच्या भाकरीसारखे प्लास्टर उचलले जात होते. जिथे घट्ट होते तिथे मात्र वीत-वीत जागेसाठी अर्धा-अर्धा तास गेला.

१० ऑक्टोबर

पूर्वेच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या खिडक्यांच्या खाली, सिमेंटच्या आड आजोबांच्या वेळचा चुन्याचा गिलावा सुमारे सहा फूट लांब जसाच्या तसा सापडला. त्यावर गेरूच्या रंगाची चार बोटे रुंद पट्टी आणि पट्टीच्या वर-खाली करणीच्या टोकाने ओढलेली बारीक रेघ. एके ठिकाणी रेघ किंचित वाकडी गेली आहे आणि गवंड्याने ती बोटाने पुसून पुन्हा ओढल्याचे स्पष्ट दिसते. बोटाची खूण नव्वद वर्षांनंतरही तिथेच.

आईला वर आणून दाखवणे शक्य नव्हते म्हणून मोबाइलवर फोटो दाखवला. ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा ही पट्टी होती. नंतर सगळं ग्रे झालं." हा तुकडा काढायचा नाही, नवा गिलावा त्याच्या कडेला मिळवून घ्यायचा आणि पट्टी पुढे सगळीकडे न्यायची, असे ठरले. त्या तुकड्यातील एक फुटलेली कपची मात्र तपासायला घेतली. सौम्य आम्लात चुना विरघळल्यावर तळाशी वाळू आणि विटांचा बारीक लाल चुरा उरला. मिस्त्री म्हणाले होते तसेच, सुरखी.

१८ ऑक्टोबर

सगळे सिमेंट निघाले. दोन ट्रॉली मलबा गेला. दरजांतला सैल चुना पाऊण इंच खोलवर खरवडून काढला.

लोणा काढण्यासाठी भिंत पाण्याने धुवायची नाही, कारण धुतलेला क्षार पुन्हा विटेतच मुरतो. आधी कोरड्या ब्रशने झाडून पूड गोळा केली आणि घराबाहेर टाकली. मग ज्या भागात ती सारखी येत होती, तिथे रद्दी कागदाचा ओला लगदा थापला. लगदा वाळताना विटेतील ओल आणि तिच्यासोबत क्षार स्वतःकडे ओढून घेतो. वाळला की उचलून फेकायचा. आईने तीन महिन्यांची वर्तमानपत्रे घंगाळात भिजवून दिली. पश्चिमेच्या भिंतीवर हे तीनदा केले. पहिला लगदा वाळल्यावर मिठागरासारखा चमकत होता, तिसऱ्यावर जेमतेम पांढरी झाक होती.

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. अभ्यंगस्नानाचे पाणी यंदा नव्या पाइपने थेट गटारात जाईल.

२८ ऑक्टोबर

नैर्ऋत्य कोपऱ्यातील तडा. खालच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरपा सात फूट गेलेला. खाली बोट जाईल इतका रुंद, वर केसाएवढा. आमच्या घराखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. नहाणीचे पाणी वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात मुरल्याने तेवढाच भाग वेगळ्या चालीने वर-खाली होत राहिला. सप्टेंबरमध्येच तड्यावर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवून तारखा लिहिल्या होत्या. पाइप हलवल्यानंतर आजपर्यंत एकही काच तडकली नाही. यावरून कोपरा कायमचा स्थिर झाला असे म्हणणार नाही, पण आता काम करायला हरकत नाही.

तडा नुसता भरला नाही. फुटलेल्या विटा एकेक करून काढल्या आणि जपून ठेवलेल्या जुन्याच विटा दोन्ही बाजूंना गुंफून चुन्यात बसवल्या. भिंतीलगतचा ओटा दोन फूट रुंदीचा फोडून तिथे गिट्टी भरली. पन्हळ नवी आली. छज्ज्याखालची खाच मात्र कटरने मारावी लागली. इतक्या दिवसांत यंत्राला हात लागला तो एवढाच.

३ नोव्हेंबर

नमुन्याच्या विटा. सुरखी कशाची घ्यायची यावर दोन दिवस गेले. राखेच्या विटांचा चुरा चालत नाही. भाजलेल्या मातीचीच वीट हवी, तीही जळून काळी न झालेली. आमच्याच घराच्या फुटक्या विटा कुटाव्यात असे वाटले होते, पण त्यांत क्षार भरलेले, म्हणून भट्टीवरून नवे तुकडे आणून दळून घेतले. वाळू कन्हानची, चाळून आणि दोनदा धुऊन.

चार विटांवर चार मिश्रणे लावली. पहिल्यावर एक भाग चुना, तीन भाग वाळू. दुसऱ्यावर एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. तिसऱ्यावर सुरखीऐवजी कोराडीच्या वीज केंद्राची राख, कारण तीही चुन्याशी संयोग पावून घट्ट होते आणि ती इथे मुबलक आहे. चौथ्यावर दुसरेच मिश्रण, पण पाण्याऐवजी गूळ आणि कच्च्या बेलफळाचा गर भिजवलेले पाणी. मिस्त्रींचा त्याच पाण्यावर भर होता. मला त्यात निम्मी श्रद्धा वाटत होती, म्हणून ही परीक्षा.

१० नोव्हेंबर

सात दिवसांनी खिळ्याने ओरखडून पाहिले. पहिल्या विटेवर खिळा सहज रुतला. दुसरीवर पुसट रेघ उमटली. तिसरी सर्वांत कठीण, पण तिच्यावर बारीक भेगांचे जाळे. चौथी दुसरीइतकीच घट्ट आणि भेग एकही नाही. गुळाच्या पाण्याने माल चिकट होतो, पाणी कमी लागते आणि तो सावकाश वाळतो, हे मान्य करावे लागले. पण चौथ्या विटेवर मुंग्यांची रांगही लागली होती! गूळ निम्मा करायचा, असा दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा निघाला. ताज्या मालात अंबाडीचा वाखही बोटभर लांबीचा कापून मिसळायचा.

चारही विटा तारीख लिहून हौदाच्या कठड्यावर ठेवल्या आहेत.

१२ नोव्हेंबर

पहिला थर, दक्षिणेच्या बाजूने. बोळ जेमतेम तीन फूट रुंद, ऊन आत येत नाही, म्हणून हात बसवायला हीच भिंत घेतली.

चुना आणि वाळू आठवडाभर आधी कालवून ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवली होती. सुरखी मात्र ज्या दिवशी वापरायची त्याच दिवशी घालायची, कारण ती पडली की माल धरू लागतो. चुन्याची घाणी आम्हाला कुठे मिळाली नाही. दोन गवंडी गमबूट घालून पायांनी माल तुडवीत होते आणि मध्ये मध्ये हाताच्या मिक्सरने फिरवीत होते. मुरलेला माल सुरुवातीला कोरडा, भुसभुशीत वाटतो आणि पाणी घालावेसे वाटते. ते घालायचे नाही. अर्ध्या तासाच्या तुडवण्यानंतर तोच माल आपोआप सैल होऊन करणीवरून घसरू लागला.

भिंत काल संध्याकाळी आणि आज पहाटे भिजवली. मिस्त्रींनी आधी सुमारे दहा फुटांवर ओळंबा सोडून मापाचे ठिपके लावले. मग माल लेपायला नव्हे तर फेकायला सुरुवात केली. मनगटाच्या एका झटक्यात करणीभर माल भिंतीवर 'थप्प' असा बसतो आणि दरजांत आपसूक शिरतो. लेपला तर आत हवा राहते. सतत तोच आवाज, तोच ताल. अर्धा इंच जाडी झाली की पट्टीने सारखे करून त्यावर खिळ्यांच्या फळीने तिरप्या रेघा ओढल्या, पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. गोणपाट ओले करून वर टांगले.

१३ नोव्हेंबर

पहाटे मिस्त्री एकटेच लाकडी थापी घेऊन भिंत चोपीत होते. माल अर्धवट धरलेला असताना चोपले तर आकसण्याच्या भेगा मिटतात. नखाने दाबले असता खूण उमटावी पण नख आत जाऊ नये, ही त्याची वेळ. ती वेळ घड्याळात सापडत नाही.

१९ नोव्हेंबर

माझी चूक. काल पूर्वेची दर्शनी भिंत सुरू झाली. पुतणीच्या लग्नाला सकाळी वर्ध्याला गेलो आणि गोणपाट भिजवायचे काम कुणाकडे सोपवायचे ते ठरवलेच नाही. गवंडी पश्चिमेकडे होते. कालचा दिवस स्वच्छ, वारा कोरडा आणि दर्शनी भिंतीवर सकाळपासून ऊन. संध्याकाळी परतलो तेव्हा ओला राखी दिसायला हवा होता तो गिलावा पिठासारखा पांढरा पडला होता आणि त्यावर भेगांचे जाळे, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो खरे, पण त्यासाठी त्यात ओल असावी लागते. वाळून गेलेला चुना घट्ट होत नाही, नुसता वाळतो.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी करणीचे टोक एका भेगेत घालून दाबले, वीतभर ढलपी निघाली, ती माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला गेले. आज सुमारे १२० चौरस फूट काढून पुन्हा केले. त्या दिवसाची मजुरी वेगळी दिली.

२ डिसेंबर

तिन्ही बाजूंचा पहिला थर झाला. दुसरा थर दक्षिणेकडून सुरू. पहिला थर दोन आठवड्यांचा झाल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, हा नियम पाळतो आहोत. गोणपाट भिजवण्याचे वेळापत्रक आता स्वयंपाकघराच्या दारावर लावले आहे : सकाळी सहा, अकरा, तीन, सात.

१० डिसेंबर

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू आहे. सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे अडलेले. एक गवंडी अकराला पोहोचला, दोघी रेजा आल्याच नाहीत. माल तुडवायला मी उतरलो. गमबुटात चुना शिरला तर काय होते ते रात्री कळले.

२४ डिसेंबर

थंडी चांगली पडली आहे. पहाटे परांचीवर हात आखडतात. शेवटचा, जेमतेम पाव इंचाचा बारीक थर सुरू केला. यात वाळू कपड्यातून चाळलेली आणि चुना जास्त. गुरमाळ्याने घोटताना मिस्त्री भिंतीला कान लावल्यासारखे वाकतात. खरखर थांबून सरसर ऐकू आली की हात थांबवायचा. जास्त घोटले तर पृष्ठभाग काचेसारखा बंद होतो, आणि मग पुन्हा तेच सिमेंटचे दुखणे.

गेरूची पट्टी जुन्या तुकड्यापासून दोन्ही बाजूंना पुढे नेली. नवी रेघ सुताने आखून सरळ ओढली आहे. जुन्या तुकड्यातील वाकडी तशीच ठेवली.

७ जानेवारी

पश्चिमेच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, आज सकाळी तीन फुटकुळ्या दिसल्या. रुपयाएवढा गोल तुकडा उडालेला, आणि मधोमध मोहरीएवढा पांढरा दाणा. संध्याकाळपर्यंत सात झाल्या. कारण शोधायला लागले नाही. ७ सप्टेंबरच्या नोंदीत मीच लिहून ठेवले आहे. फाटक्या जाळीतून गेलेले, नीट न विझलेले कण आता भिंतीत बसून ओल मिळताच फुगत आहेत. मिस्त्री म्हणाले, "हौदातला तो भाग शेवटी वापरला ना, म्हणून एकाच भिंतीले आलं. आता जेवढ्या फुटाच्या तेवढ्या फुटू द्या, मग भरू."

पुढील दोन आठवडे रोज सकाळी खडूने गोल करून मोजले. एकूण ३१ झाल्या. २० तारखेनंतर एकही नवी नाही. सगळ्या टोकरून, भिजवून, बारीक मालाने भरल्या.

२५ जानेवारी

चुन्याचा रंग. रंगाच्या दुकानदाराने पुन्हा तोच पावसाला दाद न देणारा रंग पुढे केला आणि मी चुना नेतो म्हटल्यावर माझ्याकडे दयेने पाहिले. हौदातील उरलेला चुना दुधाइतका पातळ करून, कापडातून दोनदा गाळून, त्यात पिवडी (पिवळी माती) आणि थोडा डिंक घातला. ओल्या भिंतीवर पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही. भिंत नुसती ओली दिसते. वाळल्यावर रंग वर येतो. एकूण पाच पातळ हात, एका दिवसाआड. जाड दोन हात देऊन दिवस वाचवायचा मोह झाला होता, पण जाड हात नंतर हाताला लागतो.

८ फेब्रुवारी

परांची उतरवली. हिशेब पाहता सिमेंटच्या प्लास्टरचे जे दरपत्रक ऑगस्टमध्ये घेतले होते त्याच्या सुमारे दीडपट खर्च झाला. त्यात पन्हळ, पाइप आणि गिट्टी आली, आणि माझ्या वर्ध्याच्या लग्नाची १२० चौरस फूटही. साहित्याचा वाटा लहान. पैसे गेले ते माणसांच्या दिवसांवर. मिस्त्रींना निरोप देताना आईने शाल आणि नारळ दिला. त्यांनी जाता जाता सवयीने भिंतीवर करणीची मूठ ठोकली.

१५ मार्च

काल दुपारी अवकाळी पाऊस झाला, वाऱ्यासह अर्धा तास. पश्चिमेची भिंत ओली होऊन गडद झाली आणि संध्याकाळी, पाऊस थांबल्यावर दोन तासांत, वरून खाली उजळत गेली. पायाशी गिट्टीच्या वर वीतभर पट्टा सकाळपर्यंत ओला होता. तेथे लक्ष ठेवायचे.

नमुन्याची चौथी विट आज छिन्नीने उभी फोडली. चुना किती खोल पक्का झाला हे पाहण्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारे रसायन) आणावे म्हणून जुन्या प्रयोगशाळेत फोन करणार होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं, एवढं पुरे नाही का?" पुरे होते. अल्कली असेल तिथे हळद लाल होते. चुना पक्का होऊन पुन्हा चुनखडी बनला असेल तिथे ती पिवळीच राहते.

वाटीत हळद कालवून आईने कापसाच्या बोळ्याने ती फुटलेल्या कडेवर फिरवली. बाहेरचा पट्टा पिवळा राहिला. पट्टीने मोजला, पाच मिलिमीटर. त्याच्या आत विटेपर्यंत सगळे लालभडक. आईने ती कड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाली, "आत अजून कुंकूच आहे. भिंतीला खिळे मारायचे नाहीत."

दुसऱ्या विटेवर आजची तारीख घातली आणि ती कठड्यावर परत ठेवली. ती १५ जूनला फोडायची, पाऊस लागण्याआधी.